पंढरीचे नामदेव आणि एकच देव



कतार देशाची राजधानी दोहा. तिच्या नैर्ऋत्येला इंडस्ट्रियल एरिया या नावाने ओळखली जाणारी एक मोठी वस्ती आहे. तेथील रस्ते आकड्यांनी ओळखले जातात. गॅरेजे, गोदामे, कारखाने, आणि त्यांच्या जवळच कामगारांच्या राहण्याच्या इमारती. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ अशा अनेक देशांची माणसे तेथे पोटासाठी आलेली असतात. अमृतसरकडचा शीख आणि लाहोरकडचा मुसलमान तेथे शेजारी होतात. दोघांची मायबोली पंजाबीच. दिवसभराचे काम आटोपून जेवायला बसल्यावर अशा माणसांत कधी ना कधी देवाधर्माची गोष्ट निघणारच. शीख सांगणार की देव एकच आहे. मुसलमानही तेच सांगणार. मग या दोघांच्या एका देवात फरक तो काय? आणि जवळच आपला एखादा मराठी भाऊ बसलेला असला तर तो पंढरीच्या विठोबाची मूर्ती आठवून, आपले यात काय काम, असे समजून गप्प राहत असेल.

त्याने गप्प राहण्याचे काही कारण नाही, असे आम्हाला वाटते. शिखांच्या पवित्र गुरुग्रंथसाहिबात पंढरीच्या एका शिंप्याची 61 पदे आहेत. त्यांत विठ्ठलाचे नावही येते. त्या शिंप्याचे नाव नामदेव. आपल्या बेटावर नामदेवांचे अभंग देवळांत आणि घरी म्हटले जातात, पण त्यांच्या आयुष्याचा पंजाबाकडील भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. म्हणून आज तो सांगावा असे मनात आले.

नामदेवांचा जन्म शके 1192 मध्ये, म्हणजे इसवी सन 1270 मध्ये, कार्तिक शुद्ध एकादशीला झाला, असे वारकरी मानतात. वडील दामाशेटी, आई गोणाई. घराण्याचे मूळ गाव नरसी बामणी. ते आज हिंगोली जिल्ह्यात आहे आणि नरसी नामदेव या नावाने ओळखले जाते. धंदा शिंप्याचा. कपडे शिवावेत, बाजारात नेऊन विकावेत आणि पंढरीच्या विठ्ठलाची भक्ती करावी, असे हे कुटुंब होते. नामदेवांची पत्नी राजाई. त्यांना नारा, विठा, गोंदा आणि महादा असे चार मुलगे व लिंबाई नावाची मुलगी होती. याच घरात दळणकांडण करता करता ओव्या रचणारी जनाबाई होती. म्हणजे घर गरीब असले तरी काव्याच्या बाबतीत भलतेच श्रीमंत होते.

लहानपणची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी आजीकडून ऐकली असेल. दामाशेटी परगावी गेले म्हणून आईने नैवेद्य घेऊन लहान नामदेवाला देवळात पाठवले. देव जेवत नाही हे पाहून पोर रडू लागले, हट्टाला पेटले, आणि शेवटी देवाला जेवावेच लागले. पंजाबातही ही गोष्ट आहे. तेथे नैवेद्याच्या जागी दूध आहे, आणि गुरुग्रंथसाहिबातील नामदेवांच्या एका पदात ती आलेली आहे. आपल्याला या गोष्टीवरून एवढेच लक्षात घ्यायचे आहे की, नामदेवांच्या भक्तीची सुरुवात मूर्तीपासून झाली. त्यांचा देव पंढरपूरला होता, विटेवर उभा होता, आणि त्याच्याशी ते भांडतही असत.

पुढे त्यांना ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडे भेटली. संतांच्या मेळाव्यात गोरा कुंभाराने थापटणे घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर मारून पाहिले, जसा कुंभार मडके वाजवून पाहतो. बाकीचे स्थिर बसले, नामदेव मात्र चिडले. गोरोबांनी निर्णय दिला की हे मडके अजून कच्चे आहे. देव आपल्याशी बोलतो, आपल्या हातचे खातो, असे मानणाऱ्या भक्ताला हे किती लागले असेल याचा विचार करा. ते तक्रार घेऊन विठ्ठलाकडे गेले. विठ्ठलानेही त्यांची बाजू घेतली नाही. गुरू कर, असे सांगून त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवले.

विसोबा औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात होते. औंढाही आजच्या हिंगोली जिल्ह्यातच आहे. नामदेव तेथे पोचले तेव्हा पाहतात तो काय, म्हातारा शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून खुशाल झोपला आहे! नामदेवांना राग आला. विसोबांनी शांतपणे सांगितले की, मी थकलो आहे, माझे पाय उचल आणि जेथे देव नसेल तेथे ठेव. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तर तेथे पिंडी उभी. तिसरीकडे ठेवले, तेथेही पिंडी. पाय हातात धरून उभ्या असलेल्या नामदेवांना तेव्हा कळले की, देव नाही अशी जागाच नाही.

आता येथे आम्ही वाचकांना थोडे थांबायला सांगणार आहोत, कारण अगदी अशीच एक गोष्ट शिखांमध्ये गुरू नानकांची सांगतात. गुरू नानक 1469 मध्ये जन्मले आणि 1539 मध्ये वारले. ते फिरत फिरत मक्केला गेले आणि काब्याकडे पाय करून झोपले. कोणीतरी त्यांना रागावून लाथ मारली. तेव्हा त्यांनीही विनंती केली की, जिकडे देव नाही तिकडे माझे पाय फिरव. त्या माणसाने त्यांचे पाय धरून फिरवले, तर मक्काही त्यांच्या पायांबरोबर फिरली. भाई गुरदासांनी ही कथा आपल्या काव्यात सांगितली आहे. औंढ्याची गोष्ट शंकराच्या देवळातली, मक्केची गोष्ट इस्लामच्या सर्वांत पवित्र जागेची. पण दोन्हींतला प्रश्न एकच आहे.

मात्र ही मक्केची गोष्ट सांगताना आपले लोक एक चूक करतात. गुरू नानकांनी मुसलमानांना हरवले, असा सूर लावतात. हे बरोबर नाही. देव काब्याच्या चार भिंतींत राहतो असे मुसलमान मानतच नाहीत. काबा ही नमाजाच्या वेळी तोंड करायची दिशा आहे, सगळ्यांनी एका रांगेत, एका तोंडाने उभे राहावे म्हणून. पूर्व आणि पश्चिम दोन्ही अल्लाच्याच आहेत, हे कुराणातही सांगितलेले आहे. त्या गोष्टीतील रागावलेल्या माणसाला जे समजायचे होते, ते त्याच्या स्वतःच्या धर्मग्रंथातही होते. औंढ्यातील नामदेवांचेही तसेच. विठ्ठल सर्वत्र आहे हे त्यांनी आधी ऐकलेले असणारच. पण म्हाताऱ्याचे पाय हातात येईपर्यंत ते कळले नव्हते.

मग फरक कोठे आहे? आम्हाला समजले तसे सांगतो.

इस्लाममध्ये एकेश्वराच्या तत्त्वाला तौहीद म्हणतात. अल्ला एक आहे, त्याला कोणी जन्म दिला नाही, त्याला मूलबाळ नाही, त्याच्या बरोबरीचे कोणी नाही. इखलास नावाच्या अगदी छोट्या सूरेत हे सगळे सामावले आहे. देवाच्या जोडीला दुसऱ्या कोणाला बसवणे म्हणजे शिर्क, आणि त्याहून मोठे पाप नाही. शिखांच्या ग्रंथाची सुरुवातच एक या आकड्याने होते. त्या आकड्यापुढे ओंकार आहे. तो निर्माता निर्भय आहे, त्याला कोणाशी वैर नाही, काळ त्याला शिवत नाही, तो कोणाच्या पोटी जन्म घेत नाही. येथपर्यंत दोघे बरोबर चालतात. दोघांनाही मूर्ती नको. देव अवतार घेऊन माणूस झाला, हेही दोघे मानत नाहीत.

वाट येथून फुटते. इस्लाममध्ये निर्माता आणि निर्मिती यांच्यामध्ये एक रेघ आहे, आणि ती पुसता येत नाही. अल्लाचे ज्ञान आणि सत्ता सगळीकडे पोचते, पण झाड म्हणजे अल्ला नव्हे, माणूस म्हणजे अल्ला नव्हे. काही सूफी संत त्या रेघेच्या फार जवळ गेले, आणि म्हणून मौलवींशी त्यांचे वाद झाले. शीख मात्र असे मानतात की, निर्मात्याने सृष्टी केली आणि तो तिच्यातच भरून राहिला आहे. तो निर्गुण आहे आणि सगुणही तोच आहे. पुनर्जन्म शीख मानतात, मुसलमान मानत नाहीत. त्यांच्याकडे एक आयुष्य आणि शेवटी न्यायाचा दिवस. मुसलमानांसाठी महंमद पैगंबर हे शेवटचे पैगंबर आणि कुराण हा शेवटचा संदेश. शीख आपल्या ग्रंथालाच गुरू मानतात. त्याच्यापुढे ते डोके टेकतात, तेव्हा मुसलमान मित्राला शंका येते की ही पूजाच झाली. शीख उत्तर देतो की मी शब्दाला गुरू म्हणून नमस्कार करतो, कागदाला देव म्हणून नव्हे.

शिखांचा हा भरून राहिलेला एक देव आणि औंढ्याला नामदेवांना कळलेला देव एकच आहे. कित्येक पुस्तकांत लिहिलेले असते की, शीख धर्म म्हणजे थोडा हिंदू धर्म आणि थोडा इस्लाम यांचे मिश्रण. नामदेवांचे चरित्र पाहिले की हे म्हणणे लटके पडते. गुरू नानकांच्या जन्माच्या शंभराहून अधिक वर्षे आधी एक मराठी शिंपी हे पंजाबात गात होता, आणि तो ते मशिदीत शिकला नव्हता. एका शैव गुरूच्या पायांशी शिकला होता.

अर्थात इस्लामशी त्यांची गाठ पडलीच नाही असे मात्र नाही. त्यांचा काळच तसा होता. 1296 साली ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली, आणि त्याच 1296 साली अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर पहिली स्वारी केली. 1318 पर्यंत यादवांचे राज्य संपले. 1327 मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी देवगिरीला आणली आणि तिचे नाव दौलताबाद झाले. नामदेव या सगळ्याच्या मधून जगले. ज्ञानेश्वर गेले तेव्हा ते ऐन सव्विशीत होते. मित्र गेला, राजा गेला, ओळखीचे जग गेले. अशा वेळी ते टाळ घेऊन उत्तरेकडे निघाले आणि चालत चालत पंजाबात पोचले. गुरदासपूर जिल्ह्यात घुमान नावाचे गाव आहे. तेथे त्यांनी पुष्कळ वर्षे मुक्काम केला, असे तेथील परंपरा सांगते. सुमारे वीस वर्षे, असे म्हणतात. मराठी नामदेव आणि पंजाबातले नामदेव हे दोन निराळे असावेत असा वाद काही पंडितांनी घातलेला आहे. वारकरी आणि शीख, दोघेही त्यांना एकच मानतात, आणि आम्हीही तसेच धरून चाललो आहोत.

गुरुग्रंथसाहिबातील त्यांच्या एका लांब पदात सुलतानाची गोष्ट आहे. सुलतानाने नामदेवांना बांधून आणले आणि हुकूम केला की मेलेली गाय उठवून दाखव, नाहीतर मान उडवीन. हा सुलतान कोण, ते पदात सांगितलेले नाही. पंजाबात महंमद तुघलकाचे नाव घेतात. नामदेवांची आई रडत आली. तिने मुलाला समजावले की, रामाचे नाव सोड, खुदाचे नाव घे आणि जीव वाचव. मुलाने आईचे ऐकले नाही. उलट तिच्याशीचे नाते तोडण्यापर्यंत त्यांचे बोलणे गेले. हत्ती अंगावर सोडला, पण काही झाले नाही. गावकऱ्यांनी नामदेवांच्या वजनाइतके सोने द्यायची तयारी दाखवली. आणि येथे त्या पदाचा प्रामाणिकपणा दिसतो: सुलतानाने सोने नाकारले. पैशासाठी धर्म सोडला तर मी नरकात जाईन, असे त्याचे उत्तर आहे. म्हणजे नामदेवांनी आपल्या शत्रूला लोभी दाखवले नाही. त्यालाही त्याच्या धर्माची चाड आहे, फक्त ती चाड दुसऱ्याच्या मानेवर तलवार ठेवते. पुढे गरुडावर बसून गोविंद आला, गाय उठली, वासरू लुचले, दुधाने भरलेले भांडे सुलतानापुढे ठेवले गेले. घाबरलेल्या सुलतानाने काजी आणि मुल्ला पाठवून क्षमा मागितली. नामदेवांनी त्याला हिंदू हो म्हटले नाही. खरेपणाने आणि नम्रतेने चाल, एवढेच मागितले.

आता दुसरे पद पाहा. ते तिलंग रागात आहे. त्यात नामदेव देवाला करीम म्हणतात, रहीम म्हणतात, अल्ला म्हणतात. शब्दांची ठेवणही फारशी वळणाची आहे. जो मनुष्य हत्तीच्या पायाखाली पडला तरी खुदाचे नाव घेत नाही, तोच येथे आपण होऊन अल्लाचे नाव घेतो! आम्ही हे पहिल्यांदा वाचले तेव्हा चकित झालो. नीट विचार केल्यावर यात विरोध नाही हे ध्यानात येते. नावाला त्यांचा नकार नव्हता, नकार जबरदस्तीला होता. सुलतानापुढे खुदा म्हटले असते तर ते तलवारीचे नाव झाले असते. तिलंग रागात अल्ला म्हटले ते प्रेमाने म्हटले. आणखी एका पदात त्यांनी देवळात जाणारा हिंदू आणि मशिदीत जाणारा मुसलमान, दोघांचीही कानउघाडणी केली आहे, आणि ज्याला देऊळही नाही व मशीदही नाही अशाची मी सेवा करतो, असे सांगितले आहे. तेथे हिंदूला त्यांनी अधिक बोल लावला आहे, हे आपण हिंदूंनी विसरू नये.

नामदेवांच्या मागोमाग पंजाबाने ही पदे जपली. सुमारे अडीचशे वर्षे ती गात राहिली. 1604 मध्ये गुरू अर्जुनदेवांनी ग्रंथ तयार केला, तेव्हा त्यांनी आपल्या गुरूंच्या वाणीबरोबर नामदेवांची, कबीरांची, रोहिदासांची आणि मुसलमान सूफी शेख फरीदांचीही वाणी घेतली. शिंपी, विणकर, चांभार, सूफी पीर अशी ही पंगत आहे. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंहांनी देह ठेवण्यापूर्वी या ग्रंथालाच गुरूपद दिले, आणि ते कोठे? तर आपल्या नांदेडला, गोदावरीच्या काठी. नामदेवांचे नरसी तेथून जवळच आहे, आणि आता तेथे गुरुद्वाराही आहे.

त्याच ग्रंथात कबीरांच्या दोह्यांत एक छोटासा संवाद येतो. त्रिलोचन नावाचे संत नामदेवांना विचारतात की, बाबा, तू दिवसभर कापडाच्या कामात गुंतलेला, मग देवाचे नाव केव्हा घेतोस? नामदेव सांगतात की, हात कामात असावेत आणि मन त्याच्याकडे. दोह्यात ते कापड छापणारे आहेत, आपल्याकडे शिवणारे. पण दोन्हीकडे कामकरीच आहेत. इंडस्ट्रियल एरियात बारा तास लोखंड उचलणाऱ्या माणसाला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, हे उत्तर समजायला भाष्यकार लागणार नाही.

शीख विद्वान सांगतात की, नामदेव आधी मूर्तिपूजक होते, नंतर निराकाराकडे वळले आणि मूर्ती सुटली. मुसलमान वाचकालाही हे पटेल. वारकरी मात्र हे पूर्ण मान्य करणार नाहीत, आणि आम्हीही येथे वारकऱ्यांच्या बाजूचे आहोत. देव सगळीकडे आहे हे कळल्यावर तो विटेवर नाही असे कसे होईल? नामदेव पंजाबातून पंढरीला परत आले, असे मराठी परंपरा सांगते. 1350 मध्ये आषाढ वद्य त्रयोदशीला त्यांनी देह ठेवला, तोही देवळाच्या महाद्वारात. येणाऱ्या भक्तांची पायधूळ आपल्यावर पडावी अशी त्यांची इच्छा होती. आज त्या पायरीला नामदेव पायरी म्हणतात, आणि लोक तिच्यावर पाय न देता ती ओलांडून आत जातात. ज्याने एका म्हाताऱ्याचे पाय पिंडीवरून उचलायचा प्रयत्न केला होता, त्याने शेवटी सगळ्यांच्या पायांखालची जागा मागून घेतली.

पंजाबी लोकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते बाबा नामदेवांनी घुमानलाच देह ठेवला. तेथे त्यांची समाध आहे आणि माघ महिन्यात तेथे मोठी जत्रा भरते. एप्रिल 2015 मध्ये 88 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच घुमानला भरले. अध्यक्ष होते तुकाराम महाराजांच्या वंशातील डॉ. सदानंद मोरे. महाराष्ट्रातून मंडळी आगगाडीने गेली, आणि घुमानच्या शीख गावकऱ्यांनी आपल्या बाबांच्या गावची माणसे आली म्हणून त्यांना घरोघरी उतरवून घेतले.